दावीदमामांचा चायकोव्हस्की

चायकोव्हस्कीचं नाव घ्यायच्या आधी दावीदमामा डोक्यावरची बँडची टोपी काढतात. भर वरातीतसुद्धा. "रशियाचा हाय. लई मोठा मानूस," म्हणतात आणि टोपी परत चढवतात.

मी त्यांच्या बँडमध्ये साइड ड्रम बडवतो आणि नगरला राहतोही त्यांच्याच गल्लीत, त्यामुळे माझी सुटका नाही. "'चायकोस्की' न्हाई रे! 'व्ह' गिळू नको. बापाचं नाव असं गिळतो का?"

या थोर माणसाने बॅलेसाठी, म्हणजे पायाच्या बोटांवर उभं राहून करायच्या नाचासाठी, हंसांचं संगीत रचलं. एस्तेरमामी मिशनच्या शाळेत शिकवायच्या, तेव्हा गॅदरिंगला त्या धुनेवर मुलींना नाचवायच्या. ती वाजवायला बोलावलेला क्लॅरिनेटवाला म्हणजे मामा. पुढचं लग्न ओघानंच आलं.

दोन वर्षांपूर्वी मामींना अर्धांगवायू झाला. मामांनी त्यांना शब्द दिला: ही धून वरातीत पुरी वाजवीन आणि लोकांना नाचवीन. पण दुसऱ्या ओळीलाच कोणीतरी ओरडायचं, "ओ मास्तर, कोन वारलंय का?"

यंदा मामांचे पुढचे दोन दात हलायला लागले. सोमवारी काढायचे ठरले. दात गेले की त्यांचं क्लॅरिनेटही गेलं. रविवारी पाथर्डीची वरात, तीच शेवटची.

चौकात मामांनी टोपी काढली आणि ते गर्जले, "आता चायकोव्हस्की!"

नवरदेवाच्या चुलत्यांनी 'चाय' एवढंच ऐकलं. "चाय का? आरं, बँडवाल्यांना चहा सांगा! समद्यांनाच सांगा!" अख्खी वरात हॉटेलकडे वळली. आमचे ट्रम्पेटवालेसुद्धा.

उरलो मामा, मी आणि घोडीवर अडकलेला नवरदेव. मामांनी डोळे मिटून धून पुरी वाजवली. अडवायला कोणी नव्हतंच. वरातीत नाचायला शिकवलेली ती घोडी कान टवकारून एकेक पाय उचलू लागली, अगदी खुराच्या टोकावर. वर नवरदेव गचके खात ओरडत होता, "आगं थांब की!"

धून संपली. मामांनी खिशातून मोबाईल काढला. मामींना फोन आधीच लावून ठेवला होता.

"एस्तेर, ऐकलंस? पुरी वाजवली."

"ऐकली. कोणी नाचलं का हो?"

मामींशी खोटं बोलायची मामांना सवय नाही. त्यांनी रिकाम्या चौकाकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं. "नवरदेव नाचला," म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला.

"खरं का रे?"

"खरंच, मामी. थांब म्हटलं तरी थांबेना."

त्या हसल्या की रडल्या, मला कळलं नाही. मामांना मात्र लांबूनच कळलं. त्यांनी फोन माझ्या हातून हिसकावून घेतला.