तिरकी पाटी

अक्षरमामांनी दारावर पाटी टांगली आणि स्वतःशीच जाहीर केलं, "आता बघतो! बेल न वाजवता पुढे जायची काय बिशाद आहे कुणाची!"

मामांनी उभा जन्म छापखान्यात अक्षरं काढण्यात घालवला. त्यांचा हुकमी टाइप एकच. जाडजूड, कोनदार, उजवीकडे झुकलेला! गोलाई औषधाला नाही. 'व'चं पोटसुद्धा तासून कोपरे काढलेले. शर्यतींची पोस्टरं, सेलच्या जाहिराती, मोटरसायकलच्या टाक्या, सगळीकडे तो धावायचा. त्याच टाइपात, लालभडक, मामांनी लिहिलं होतं : 'बेल वाजवा!'

कारण मामी गेल्यापासून बेल वाजवायचा तो फक्त कुरियरवाला, आणि तोही शेजारच्यांचं पार्सल ठेवून घेता का म्हणून विचारायला. दिवसदिवस मामांच्या तोंडातून शब्द फुटत नसे.

दुसऱ्याच दिवशी दाराशी खुडबुड झाली. मामा एका चपलेत धावले. दार उघडतात तर चिटपाखरू नाही! पाटी मात्र कलंडलेली, डावं टोक खाली, उजवं वर. मामांनी ती नीट केली. संध्याकाळी पुन्हा तेच! सकाळी पुन्हा!

मग मामा दाराच्या भिंगाला डोळा लावून बसले. समोरच्या मावशी आल्या, थबकल्या, मान वाकडी करून पाटीकडे बघितलं, "च्च!" केलं, पाटी कलती केली आणि निघून गेल्या. मागोमाग दूधवाल्यानेही तेच केलं!

"अरे, अक्षरं तिरकी आहेत, पाटी नाही!" मामा आतल्या आत कडाडले. जन्मभराची कला, आणि लोकांना ती वाकडी टांगलेली वाटावी? संतापाने त्यांनी पाटीला चार स्क्रू ठोकून आवळले.

झालं! खुडबुड बंद. एक दिवस गेला, दोन गेले. घर खायला उठलं. आपण रागाच्या भरात काय घालवून बसलो ते मामांना कळलं, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

तेवढ्यात बेल वाजली! दारात समोरच्या मावशी, हातात स्क्रूड्रायव्हर.

"रागावू नका हं भाऊ. तुमची अक्षरं इतकी दरडावतात, की बेलला हात लावायची छातीच होत नव्हती! पण पाटी अगदीच वाकडी बसलीय हो. जाता-येता डोळ्यांत खुपते."

झुकाव, कोन, वेग, सगळं मामांच्या जिभेवर आलं. पण एकदा समजावून सांगितलं की मावशी "अस्सं होय!" म्हणणार आणि घरी जाणार.

"वाकडीच बसलीय," मामा म्हणाले. "पण स्क्रू घट्ट आहेत, वेळ लागेल. आत या ना, चहा टाकतो."

दोघांनी मिळून पाटी चांगली कलती केली. अक्षरं ताठ उभी राहिली, पाटी मात्र डोंगर चढायला लागली!

"आता कसं सरळ दिसतंय!" मावशी खूश झाल्या. "पण पुन्हा हलली तर?"

"हलणार हो!" मामा घाईघाईने म्हणाले. "उद्याच हलेल. साधारण चारच्या सुमारास."