साडेनऊ तू

लोण्याच्या खणात लोणी नव्हतं, फिल्मचा रोल होता. मुलीने तो पाहिला, फ्रिज मिटला आणि नवऱ्याकडे अशी काही नजर टाकली, की जावयाने समोरचं वर्तमानपत्र उचलून त्यात तोंड खुपसलं.

झाडसाहेबांनी खुलासा केला. रंगीत स्लाइडची फिल्म थंडीत ठेवली की रंग टिकतात. अशी फिल्म आता कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, मागवावी लागते. दोन रोल मागवले होते. एक वापरला, हा दुसरा. मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिच्या त्या शांतपणावरून खुलासाही यादीत गेला असं समजायला हरकत नव्हती.

बाबांच्या चुकांची ही यादी आई गेल्यापासून सुरू झाली होती. किल्ली दाराला बाहेरून लटकत राहिली, हे त्यात होतं. दूध दोनदा उतू गेलं, चष्मा कपाळावर असताना घरभर शोधला, हेही होतं. खिडकीबाहेरच्या झाडाशी बोलताना वरच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्यांनी ऐकलं, तेही होतं. मुलगी आणि जावई त्या दिवशी एक रिकामी सुटकेस घेऊन आले होते आणि ती रिकामीच परत न्यायचा त्यांचा विचार नव्हता. मागच्या महिन्यात फोनवर बरीच ओढाताण होऊन शेवटी असं ठरलं होतं, की रविवारी दुपारी बाबांनी पूर्वीसारखा भिंतीवर स्लाइड दाखवायचा कार्यक्रम करायचा. एकट्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तो नीट पार पडला तर मुलगी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही पडला, तर बाबा लेकीकडे राहायला जातील आणि स्लाइडचे सव्वीस डबे जावयाच्या ओळखीच्या दुकानात जातील. तिथे ते सगळं फोनमध्ये घालून देत आणि डब्यांची विल्हेवाटही तेच लावत.

झाडसाहेबांना झाडसाहेब म्हणत ते उगाच नव्हे. नगरपालिकेच्या उद्यान खात्यात त्यांनी एकतीस वर्षं झाडांची नोंद ठेवली. प्रत्येक झाडाची उंची, घेर, प्रकृती आणि एक रंगीत स्लाइड, म्हणजे पडद्यावर मोठा करून पाहायचा पारदर्शक फोटो. उंची कळावी म्हणून फोटोत झाडाशेजारी खुणा केलेली काठी उभी करायची असते. खात्याची काठी पहिल्याच आठवड्यात मोडली. नवीन काठीचा अर्ज साहेबांनी त्याच दिवशी केला आणि काठी येईपर्यंत तात्पुरती सोय म्हणून बायकोला उभं केलं. ती भरायची बरोबर पाच फूट. काठी मंजूर होऊन आली तेव्हा साहेबांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती.

त्यामुळे रजिस्टरात झाडं फुटांत असली, तरी घरात त्यांचं माप निराळं होतं. संध्याकाळी चहा पिताना साहेब म्हणत, "पोस्टामागचं झाड आज नीट मोजलं. साडेनऊ तू." ती म्हणे, "आणि तुमचं डोकं?" यावर साहेब रिकामा कप पुढे करत.

स्लाइडच्या फिल्मला माफी ठाऊक नसते. उजेडाचा अंदाज जरा चुकला की आभाळ पांढरंफटक नाहीतर झाड कोळसा. साहेब कॅमेऱ्यामागे उजेड मोजत राहत आणि ती उन्हात ताटकळे. "हलू नकोस." "झाड हलतंय, ते चालतं वाटतं?" एवढाच त्या दोघांचा कामावरचा संवाद. पुढे फिल्म धुऊन आली की ती आपल्या कात्रीने तुकडे कापे, एकेक तुकडा पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवी आणि चौकटीच्या एका कोपऱ्यावर लाल ठिपका देई.

हा ठिपका म्हणजे साहेबांचा शोध नसला, तरी अभिमान होता. चौकोनी स्लाइड प्रोजेक्टरच्या यंत्रात आठ तऱ्हांनी जाते आणि त्यातली एकच तऱ्हा खरी. म्हणून यंत्रामागे उभं राहायचं, स्लाइड अशी धरायची की ठिपका अंगठ्याखाली येईल, आणि खाली सोडायची. "ठिपका अंगठ्याखाली. बस्स, बाकी विचार करायचा नाही." हा धडा साहेबांनी बायकोला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात दिला आणि त्यानंतर स्वतः एकही स्लाइड लावली नाही. ते पडद्याशेजारी छडी घेऊन बोलत. अंधारात यंत्रामागे ती असे.

ती गेल्यावर साहेबांनी डबे काढले. घड्याळवाल्यांकडून डोळ्याला लावायचं भिंग मागून आणलं आणि खिडकीच्या उजेडात एकेक स्लाइड पाहू लागले. एकतीस वर्षं त्यांनी झाडं पाहिली होती, आता ते शेजारचं माप पाहत होते. सुती साडीतलं माप, छत्री मिटून उभं राहिलेलं माप, लेक पोटात असतानाचं माप. एका स्लाइडमध्ये माप चक्क हसत होतं आणि ती स्लाइड साहेबांनी त्या वेळी 'अयोग्य' म्हणून बाजूला काढलेली होती. घड्याळवाल्यांनी आठवड्याने भिंग परत मागितलं. साहेबांनी त्यांना एक जुनं घड्याळ दुरुस्तीला दिलं आणि त्या गडबडीत भिंग ठेवून घेतलं.

मग त्यांनी ते दोन रोल मागवले. जुन्यांतली छत्तीस झाडं निवडली आणि त्याच जागी, त्याच अंतरावर उभं राहून पुन्हा फोटो काढले. पाच महिने लागले. चार ठिकाणी झाडच उरलं नव्हतं. तिथे त्यांनी जागेचा फोटो काढला. फिल्म कुरिअरने दूरच्या शहरात गेली आणि दीड महिन्याने नुसती पट्टी धुऊन परत आली. कापायला ते तिची कात्री घेऊन बसले, पण त्या कात्रीला तिच्याच हाताची सवय होती. साहेबांच्या हातात ती फिल्म कापण्याऐवजी दुमडू लागली. शेवटी घड्याळवाल्यांच्या पात्याने काम झालं. साहेबांनी चौकटी भरल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः लाल ठिपके दिले.

छत्तीस जुन्या, छत्तीस नव्या. एक आत्ताचं झाड, मग तेच झाड तेव्हाचं, अशी जोडीजोडीने यंत्राची गोल थाळी भरून ते रविवारची वाट पाहत बसले.

रविवारी दुपारी खिडक्यांवर ब्लँकेटं टांगली गेली. भिंतीवर चादर ताणली. घड्याळवाले आले, ते मुख्यतः भिंगासाठी. मुलीने चहाचे कप आणि बिस्किटं मांडली. यंत्राचा पंखा घुरघुरला, चादरीवर पांढरा चौकोन पडला आणि त्यात धुळीचे कण नाचू लागले. साहेबांनी पडद्याशेजारची आपली जुनी जागा एकदा पाहिली. त्यांनी खाकरून बटण दाबलं.

खटॅक. पोस्टामागचं झाड, आजचं. ताठ, हिरवंगार, झगझगीत. जावई मनापासून म्हणाला, की हे फोनवर असं दिसत नाही. साहेब खूश झाले. म्हणाले, "आता हेच झाड सव्वीस वर्षांपूर्वी."

खटॅक. झाड आडवं. पायथ्याशी बायको आडवी. आभाळ डाव्या हाताला उभं, जमीन उजव्या हाताला उभी.

मुलीने हातातला कप खाली ठेवला. शेवटचे तीन महिने सगळ्यांनी तिला आडवीच पाहिली होती.

साहेबांनी घाईने पुढचं बटण दाबलं. तळ्याकाठचं झाड, आजचं, सरळ. पुन्हा बटण. तळ्याकाठचं झाड, तेव्हाचं, आडवं आणि तळं भिंतीसारखं उभं. पाचव्या जोडीपर्यंत जावयाने मान एकदा सरळ, एकदा खांद्यावर, असा ताल धरला होता. घड्याळवाले लंबकाची सवय असल्यामुळे त्याच्यापेक्षा सहज झुलत होते.

"बाबा," मुलगी हळू म्हणाली, "सरळ कुठलं ते आठवत नाहीये का?"

साहेब म्हणाले, की आठवण्याचा प्रश्नच येत नाही, ठिपका अंगठ्याखाली होता. प्रत्येक स्लाइडचा होता. त्यांनी स्वतः पाहून लावल्या होत्या. अंधारातही मुलीचा चेहरा त्यांना दिसला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नव्हती, घाबरली होती.

जावयाने सुचवलं, की फोनमध्ये एकदा घेतलं की बोटाने फिरवून सरळ करता येतं. साहेब म्हणाले, "फोनमध्ये ती नखाएवढी दिसेल. आणि झाडही बोटाएवढंच. मग साडेनऊ कोण मोजणार?" हे वाक्य जावयाला कळलं नाही. त्याने बायकोकडे पाहिलं. यादी एका ओळीने वाढली.

आता घड्याळवाले मदतीला आले. घड्याळ लावलेली भिंत सरळ करता येत नसेल तर घड्याळ तिरकं करावं, हा त्यांचा धंद्यातला अनुभव. त्यांनी मत दिलं, की जुन्या स्लाइड आडव्या दिसतायत तर यंत्रच कुशीवर ठेवावं. साहेब बुडत होते, त्यांना हे पटलं. दोघांनी मिळून यंत्र उचललं आणि कुशीवर कलतं केलं.

चादरीवर चित्र सावकाश फिरलं. आभाळ वर गेलं, जमीन खाली आली आणि बायको उठून उभी राहिली. सुती साडी, मिटलेली छत्री, उन्हाने बारीक केलेले डोळे. चादरीवर वीतभर, तरी मापाला पुरी पाच फूट. साहेब अभावितपणे म्हणाले, "हलू नकोस."

ती हलली नाही. थाळी हलली. थाळीवरचं दाबून बसवायचं कडं कधीचंच हरवलेलं होतं. बहात्तर स्लाइड एकामागून एक टपटपत जमिनीवर आल्या. काही सोफ्याखाली गेल्या, एक घड्याळवाल्यांच्या चहात पडली. त्यांनी ती चिमटीने काढून निथळवली आणि सराईत हाताने रुमालावर वाळत ठेवली.

साहेब खुर्चीत बसले. म्हणाले, "सुटकेसमध्ये माझे चार सदरे घाल. जास्त नको." मग जमिनीवरच्या स्लाइडकडे पाहत, "ते डबे तरी राहू देत का?"

मुलीने सुटकेसला हात लावला नाही. ती खाली बसली, स्लाइड गोळा करू लागली. मग रिकामी थाळी मांडीवर घेऊन एकेक लावू लागली. निदान बाबांना एकदा सगळं नीट दाखवावं आणि मग न्यावं, असं तिच्या मनात असावं. चित्र पाहून लावण्याइतका उजेड खोलीत नव्हता. तिने चित्र पाहिलंही नाही. यंत्राच्या फटीतल्या उजेडात ठिपका हेरायचा, स्लाइड सोडायची. जावयाने विचारलं, तुला हे येतं कसं. ती म्हणाली, लहानपणी ती अंधारात आईच्या मांडीवर बसलेली असे आणि आईचा हात पाहत असे, पडदा कधी पाहिलाच नाही.

जावयाने यंत्र सरळ ठेवलं, थाळी चढली. खटॅक. बायको सरळ. खटॅक. बायको सरळ, तळ्याकाठी. खटॅक. हसणारी, 'अयोग्य'. सगळ्या ताठ उभ्या. घड्याळवाल्यांनी मान मधोमध आणून ठेवली.

"पाहिलंत?" मुलीच्या आवाजात विजय नव्हता, दुःखच होतं. "ठिपका अंगठ्याखाली. एवढंच तर होतं, बाबा."

खटॅक. आणि साहेबांनी काढलेलं, आजचं, बाजारातलं झाड धाडकन आडवं पडलं.

पुढचं आजचंही आडवं. त्याच्या पुढचंही. मुलीने कपाळाला आठ्या घातल्या. आपण बिनचूक लावलं असताना हे काय, हा प्रश्न थोड्या वेळापूर्वी दुसऱ्या कुणालातरी पडला होता, हे तिच्या लक्षात आलं नाही. ती एक स्लाइड काढून पुन्हा लावू लागली, आणि साहेब खुर्चीवरून उठून तिच्या हाताकडे पाहत राहिले.

"कुठला अंगठा?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"ठिपका कुठल्या अंगठ्याखाली?"

मुलीने आपल्या हाताकडे पाहिलं. डावा. तिचं लिहिणं डाव्याने, जेवणं डाव्याने, यादीही डाव्यानेच लिहिलेली. आईसारखी.

साहेबांनी बायकोला धडा दिला होता तेव्हा अंगठ्याखाली म्हणाले होते, उजव्या म्हणायचं राहिलं होतं. आणि तिने ते मुकाट्याने आपल्या हाताला लावून घेतलं, कात्रीसारखं. एकतीस वर्षं हजारो ठिपके, सगळे डाव्या अंगठ्याच्या कोपऱ्यावर. पुढच्या प्रत्येक कार्यक्रमाला यंत्रामागे आपणच असू, असंच तिने धरलं होतं.

कुणीतरी ब्लँकेट बाजूला केलं. उजेड आला. मुलीने डोळे पुसले आणि एकदम सवयीच्या आवाजात म्हणाली, की किल्लीचं आणि दुधाचं काही यावरून माफ होत नाही.

"नाही होत," साहेब म्हणाले. "पण सव्वीस डबे आहेत. मला यातलं एकही सरळ लावता येणार नाही. तुला रविवारी यावंच लागेल." मग एक स्लाइड तिच्या हातात देत म्हणाले, "सगळं पाहून होईपर्यंत."

जावयाने मनातल्या मनात हिशोब केला. महिन्याला चार रविवार, वर्षं किती ते त्याने सोडून दिलं. सुटकेस उचलली. ती रिकामीच होती. घड्याळवाल्यांनी भिंग मागितलं. साहेब म्हणाले, पुढच्या रविवारी.

पुढच्या रविवारी लोण्याच्या खणातला रोल कॅमेऱ्यात गेला. पोस्टामागच्या झाडाशेजारी मुलगी उन्हात उभी राहिली. ती पाच फूट दोन भरते. साहेबांनी कॅमेऱ्यामागून उजेड मोजायला एवढा वेळ लावला, की तिने शेवटी विचारलं, "बाबा, अजून किती?"

"हलू नकोस," ते म्हणाले. "दोन इंच वजा करतोय."

रोल धुऊन आला तेव्हा तुकडे मुलीने कापले. आईच्या कात्रीने, सरळ. साहेबांनी चौकटी भरल्या, लाल पेन उचललं, एक चौकट लेकीसारखी डाव्या हातात धरली आणि ठिपका त्याच अंगठ्याखाली द्यायचा हे ठरवून टाकलं.