डिकीतले वामनकाका

वामनकाका मोटारीत बसत नाहीत. डिकीत बसतात.

खोटं वाटते ना? पण खरं आहे. धोतराचा काचा मारतात, काळी टोपी काढून माह्या हातात देतात (माह्याच काऊन? गॅरेजात खुंट्या नाहीत का?), छत्री पोटाशी घेऊन, पाय दुमडून आत आडवे होतात अन् म्हणतात, "सुधाकर, झाकण लाव. तपास सुरू."

मग आपण गाडी चालवायची. आतून छत्रीच्या मुठीचा एक ठोका आला तं आवाज डावीकडून, दोन आले तं उजवीकडून. ठोक्यामागं ठोके आले तं आवाज लय भयंकर, असं आम्ही समजत होतो. हिवरा आश्रमाच्या रस्त्यानं एकदा तसे ठोके आले. मी खुशीत गाडी अजून दोन मैल पळवली. झाकण उघडलं तं काका धुळीनं पांढरेफटक. खोकत खोकत म्हणाले, "तो आवाज गाडीचा नव्हता. माझा होता."

आता हा माणूस कोण? मोठा मेकॅनिक? छ्या! तहसील कचेरीतला कारकून. घरी सायकल बी नाही. स्टेअरिंगले जन्मात हात लावला नाही. अन् मी? मी नागपूरले दीड वर्ष मोटारीचं काम शिकून आलो. सर्टिफिकेट चौकटीत घालून गॅरेजात टांगलं. मेहकरच्या स्टँडमागं बाबाचं गॅरेज आहे. महाराष्ट्र झाल्यापासून साहेबलोकाईच्या जीपा वाढल्या, तसं आमचं काम बी वाढलं. पण कोणत्याही गाडीत कुरकुर झाली का बाबा हातातला पाना खाली ठेवतात, घड्याळाकडं पाहतात अन् म्हणतात, "साडेपाच होऊ दे. वामनराव येतील."

साडेपाच होऊ दे! म्हणजे कचेरी सुटू दे! अन् तोवर मी काय गोट्या खेळू?

जळत होतो मी. साफ सांगून टाकतो.

काकाचं बोलणं बी कचेरीचंच. गाडीचा आवाज म्हणजे त्याईच्या लेखी अर्ज. "अर्ज आला आहे, पण अर्जदार सापडत नाही." दरवाजाची बिजागरी वाजली तं "किरकोळ तक्रार." इंजिनात खडखड झाली तं हात जोडतात, "हे वरच्या कचेरीचं काम." आवाज बंद झाला का दोन्ही हात झटकतात, "निकाली!" अन् बाबा लहान पोरासारखे हसतात. मी गाडी दुरुस्त केली तं कधी हसले नाहीत. फार झालं तं म्हणतात, "हाव. बोल्ट मोजले ना?"

अन् बीबीच्या बाजारात झालेली गंमत तं तुमाले सांगायलाच पाहिजे. काका डिकीत, मी गाडी हळूहळू चालवून राह्यलो, अन् धोतराचा सोगा बाहेर लोंबून राह्यला. एक भाजीवाली ओरडली, "अवं माय! डिकीत मुडदा हाय!" पाच मिनिटांत शंभर माणसं. एकानं माही कॉलर धरली. "खोल बे! कोणाले मारलं सांग!" मी झाकण उघडलं. काका उठून बसले, लोकाईले नमस्कार केला अन् म्हणाले, "जरा हळू बोला. तपास चालू आहे." कॉलर माही फाटली, अन् गोष्ट गावभर झाली ती काकाची!

तं आता डॉक्टरसाहेबाच्या गाडीचं.

डॉक्टरसाहेब म्हणजे आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. काळी गाडी, मोठ्या डिकीची. तिचे मागचे पाटे बसले. पाटा म्हणजे चाकावर लोखंडी पट्ट्या एकावर एक बांधलेल्या असतात ना, गचके खाणाऱ्या, त्या. कंपनीचे पाटे यायले दोन महिने लागणार होते. मी म्हटलं, "बाबा, अकोल्याले एक कारागीर बनवून देते. बाहेरचे बसवू."

"बाहेरचे वाजतात."

"मी बसवले तं नाही वाजणार."

बसवले. अन् आठ दिवसांत डॉक्टरसाहेब आले. "सुधाकर, गाडी रडते रे. कुईंऽऽ खट्! कुईंऽऽ खट्! पोरं मागं धावतात."

मी गाडी लोणार रस्त्यानं नेली, आणली. चूप. खड्ड्यात घातली. चूप! मी सांगितलं, "साहेब, काही नाही." ते घेऊन गेले. गुरुवारी पुन्हा हजर, "रडते!" मी पुन्हा नेली. चूप! असं तीनदा झालं. चौथ्या खेपेले डॉक्टरसाहेब बाबाले म्हणाले, "आता मी चिखलीच्या गॅरेजले दाखवतो."

ते गेल्यावर बाबा माह्याशी शांत आवाजात बोलले. ओरडले असते तं बरं झालं असतं. "सुध्या, हे गिऱ्हाईक गेलं तं तू खामगावले मामाच्या किराणा दुकानात बसशील. पुड्या बांधशील. एवढं ध्यानात ठेव."

पुड्या! नागपूरचं सर्टिफिकेट अन् धने-जिऱ्याच्या पुड्या!

बाबानं कसंबसं डॉक्टरसाहेबाले एक दिवस थांबवलं. दुसऱ्या दिवशी साडेपाचले वामनकाका आले. गाडीकडं पाह्यलं बी नाही. डॉक्टरसाहेबाले विचारलं, "आवाज येतो तेव्हा गाडीत कोण कोण असतं?"

मी मनात म्हटलं, झालं! आता गाडीची कुंडली काढतात.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "गुरुवारी आईले हिवऱ्याले नेतो. आई, मावशी, मावशीची सून. अन् आश्रमाच्या स्वयंपाकाले वांग्याचं एक पोतं."

"आणि सुधाकर नेतो तेव्हा?"

"मी एकटा," मी म्हटलं.

"म्हणजे अर्ज सामायिक खात्याचा आहे," काका म्हणाले. "एकट्याला बोलावून काय उपयोग?"

मले धरणी फाटली तं बरं, असं झालं. गाडी भरली का पाटा दबते, दबला का वाजते. एवढं साधं! अन् मी तीन वेळा रिकामी गाडी पळवली!

मग पानवाला, त्याचा साडू अन् शेजारचा पिठाच्या गिरणीचा मालक अशी तीन धिप्पाड माणसं मागं बसवली. पायाशी कांद्याचं पोतं. काका डिकीत. पहिल्याच खड्ड्यात कुईंऽऽ खट्! अन् आतून ठोका. एक. परत आल्यावर काका गाडीखाली गेले, छत्रीचं टोक पाट्याले लावलं, मूठ कानाले लावली अन् तिघाईले बंपरवर नाचायले सांगितलं. रस्त्यावरची माणसं थांबून पाहत राह्यली. दहा मिनिटांनी खालून आवाज आला, "डावा पाटा. वरून तिसरी पट्टी. पुढचं टोक."

बाबाले तेवढ्यात पंचायत समितीच्या जीपसाठी जावं लागलं. जाता जाता मले म्हणाले, "काका म्हणतात तसं कर."

मी काय केलं?

मी उजवा पाटा खोलला.

हसू नका. मले माहीत होतं का काका बरोबर आहेत. पण डावा खोलला अन् तथीच दोष निघाला, तं जन्मभर बाबा घड्याळाकडंच पाहतील. मी उजवीकडचा रबरी बुश बदलला, ग्रीस भरलं, बोल्ट आवळले अन् देवाले म्हटलं, एकदा, फक्त एकदा माहं खरं होऊ दे.

गुरुवारी मावशीच्या सुनेनं आश्रमापर्यंत कानात बोटं घातली होती म्हणे.

संध्याकाळी डॉक्टरसाहेब चाबी घेऊन उभे, काका उभे, अन् बाबा स्वतः गाडीखाली. डावा पाटा खोलला. तिसऱ्या पट्टीचं पुढचं टोक कारागिरानं घासलंच नव्हतं. धार तशीच. वरच्या पट्टीत नखाएवढी चकचकीत खाच पडली होती. बाबानं टोक कानसीनं गोल केलं, मधी जुन्या ट्यूबची पट्टी घातली, बांधलं. तिघं धिप्पाड पुन्हा बसले. खड्डा. चूप. दुसरा खड्डा. चूप!

बाबा हात पुसत आले अन् डॉक्टरसाहेबासमोर, माह्यासमोर, म्हणाले, "वामनराव, तुमी माह्या पोटी यायले पाहिजे होतं."

ते ऐकून मले काय झालं ते सांगता येत नाही. पाना हातात होता तो तसाच राह्यला.

अन् काका म्हणाले, "छे हो. मला कुठलं कळतं? सुधाकरनंच सांगितलं होतं मला त्या दिवशी. डावा असेल, म्हणाला. पण आधी उजवा तपासून खात्री करतो, म्हणाला. मी नुसती मान हलवली."

डॉक्टरसाहेबानं माही पाठ थोपटली. बाबानं माह्याकडं लय वेळ पाह्यलं. चहा आला तं पहिला कप मले दिला.

तुमाले वाटेल मी खूश झालो. अजिबात नाही! मी अजून पेटलो. माह्या बापाची शाबासकी, अन् ती बी या माणसानं मले दान द्यावी? रविवारी सकाळी मी तडक काकाच्या खोलीवर गेलो. कडी वाजवायच्या आधीच दार उघडलं.

"पाय दारासमोर थांबले, म्हणून उघडलं," काका म्हणाले. "बहुतेक पुढं जातात."

मी सगळं ओकलो. तुमची मेहरबानी नको, खोटं काऊन बोलले, रोज साडेपाचले आमच्या गॅरेजात काऊन येता, तुमचं काय ठेवलं आहे तथी?

काकानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुझे वडील साडेपाच ते गॅरेज बंद होईपर्यंत तुझं नाव किती वेळा घेतात, सांग."

"शिव्या देतात. मोजायचं काय?"

"मी मोजतो. परवा बत्तीस वेळा घेतलं. त्यातल्या बावीस शिव्या, कबूल. तीन-चार वेळा पाना मागायला. अन् बाकीच्या वेळी तू गाडीखाली होतास."

"मग?"

"तेव्हा ते काही मागत नाहीत. 'सुध्या, हाय ना बे?' एवढंच म्हणतात. तू 'हाव' म्हणतोस अन् ते पुन्हा कामाला लागतात. मागं जॅक सरकला होता, आठवतं? तू हसत बाहेर आलास. म्हणालास, नडगीच खरचटली. तुझे वडील मागच्या बाजूला जाऊन भिंतीला धरून उभे होते. मी पाहिलं. तेव्हापासून ही हाक आहे. तुझ्या कानावर रोज पडते, म्हणून तुले ऐकू येत नाही."

एरवी काकाचं कचेरीचं 'तुला'. त्याईच्या तोंडून आपलं 'तुले' मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी बसलो. पाणी मागितलं. त्याईनं दिलं.

"गाड्यांचे आवाज मी बंद करतो," काका म्हणाले, "हा एक ऐकायले येतो. मले नुसतं वामन म्हणणारी आई होती. ती गेल्याले लय वर्षं झाली. कचेरीत कारकून म्हणतात, तुम्ही काका म्हणता. चांगलं आहे. पण गाडीखाली असताना कोणी हाक मारावी, ते वेगळं."

मी गिलास धुऊन पालथा ठेवला अन् निघालो.

सोमवारी जीपखाली होतो. सहा वाजले असतील. काका आले, बाबाशी बोलले, मग चूप झाले. मले खालून बाबाच्या फक्त वहाणा दिसून राह्यल्या होत्या. त्या फिरत होत्या, त्या थांबल्या.

"सुध्या... हाय ना बे?"

बाप्पा! आवाज खरंच वेगळा होता.

'हाव' जिभेवर आलं होतं. पण मी ते दोन क्षण धरून ठेवलं. वहाणा जीपजवळ आल्या. बाबा वाकले अन् पुन्हा हाक मारली.

पहिली हाक माही. दुसरी काकासाठी घेतली होती.

"हाव," मी म्हटलं.