दोन मजली विमान

"मला तन्मणी नको, पाटल्या नकोत. पदराला लावायला सोन्याचं विमान हवं," सुलूने सांगितलं आणि गंगाधरपंतांचा चहा बशीतून थेट धोतरावर सांडला.

गंगाधरपंत भोरच्या कचेरीत कारकून होते. लेकीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. नवरा मुलगा दीनानाथ मुंबईला, जुहूच्या विमानांच्या मैदानावर मेकॅनिक होता. तो मुलगी पाहायला आला तेव्हा त्याने काही विचारायच्या आधी सुलूनेच त्याला विचारलं होतं, "एवढं जड विमान वर राहतं कसं?" त्यावर दीनानाथने पोह्यांची बशी हातात धरून अर्धा तास ते समजावलं. पोहे गार झाले आणि लग्न ठरलं.

"अगं, पण विमान हा काय दागिना आहे?" पंतांनी धोतर झटकत विचारलं.

"मोर चालतो, मासोळी चालते, मग विमानानंच काय केलंय?"

पंत वर्तमानपत्रातलं विमानाच्या चित्राचं कात्रण घेऊन बाजारपेठेत कुंडलिक सोनाराकडे गेले.

कुंडलिकच्या हातची नथ घालायला पार शिरवळहून बायका येत. त्याचा एकच हट्ट होता. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो काही घडवत नसे. बेलपानाचं डोरलं करायचं असलं तरी आधी ताजं पान तोडून समोर ठेवी. त्याने कात्रण उजेडात धरलं, उलटं केलं. मागे केसांच्या तेलाची जाहिरात होती.

"पंत, चित्र झ्याक आहे. पण ह्याची पाठ कुठंय?"

"पाठ?"

"वरची बाजू हो. शाईचा ठिपका बघून काय घडवू? कुणी बघितलंय का इमान?"

भोरमधल्या बऱ्याच जणांनी पाहिलं होतं. कुंडलिक प्रत्येकाला गाठून विचारू लागला. शिरस्तेदार म्हणाले, मासोळीसारखं. ड्रॉइंग मास्तर म्हणाले, अधिकाच्या चिन्हासारखं. कीर्तनकारबुवा म्हणाले, गरुडासारखं, आणि चोचही आहे म्हणाले. कुंडलिकने सगळ्यांचा मान राखून तांब्याच्या पत्र्याचा एक नमुना केला. सुलूने तो तळहातावर घेतला.

"कुंडलिककाका, हा बोंबील आहे."

"मलाबी तसंच वाटलं," कुंडलिक खिन्नपणे म्हणाला. "सगळ्यांनी खालनं बघितलंय. पोटावरनं रूप कळत न्हाई."

दीनानाथला पत्र टाकून विचारणं सरळ होतं. पण लग्नाआधी मुलीने मुलाला पत्र लिहायचं, हे घरात कुणाला पटलं नसतं. शिवाय सुलूला त्याला चकित करायचं होतं. चुकीचं विमान लावून बोहल्यावर उभं राहायचं आणि नवऱ्याने पहिल्याच भेटीत हसायचं, या कल्पनेने तिची झोप उडाली होती.

अशातच पालीच्या ठकूबाई आंबेमोहोर तांदूळ घेऊन आल्या. राजगडाच्या पायथ्याच्या या बाई दरवर्षी पंतांकडे तांदूळ घालायच्या. ओसरीवर टेकून पाणी पिताना त्यांच्या कानावर ही चर्चा पडली.

"आवं, म्या बगितलंय की इमान. वरनं."

"वरनं?" कुंडलिक उठून उभाच राहिला.

"व्हय. दिवाळी झाल्याव गडाच्या माचीवर गवत कापत हुते. घरघर आली म्हून आबाळात बगतीया, तर आबाळात काय बी न्हाई. खाली बगितलं, तर इमान माज्या पायाखालनं खोऱ्यातनं चाललंय!"

"मग? कसं होतं?"

"दोन पंख, एकावर एक. माडीवानी, दोन मजली. मदी बारीक खांब, आन खांबाखांबाला आडव्यातिडव्या तारा. दोन माणसं उगड्यावर, एकाम्हागं एक बसल्याली. म्हागल्यानं मला हात केला. म्या इळा हालवला."

पंत खो खो हसले. "दोन मजली विमान! खालच्या मजल्यावर भाडेकरू ठेवतात की काय? ठकूबाई, या चित्रात बघा, एकच पंख आहे."

"त्ये कागदातलं आसंल," ठकूबाई शांतपणे म्हणाल्या. "म्या खरं बगितलंय."

कुंडलिकने खराट्याच्या हिराच्या काड्या मोडून बाईंपुढे ठेवल्या. ठकूबाईंनी त्या गवताने बांधून भराभर विमान उभं केलं. कुठला खांब तिरका, शेपटी किती वर, चाकं कुठं, कशालाही त्यांना थांबावं लागलं नाही. एका डोंगरावरून क्षणभर पाहिलेली गोष्ट या बाईने घरी जपून आणली होती. कुंडलिकने काड्यांचं विमान दोन्ही हातांनी उचललं आणि म्हणाला, "पंत, ह्या बाईंनी बघितलंय. बाकी सगळ्यांनी नुसती मान वर केलीय."

महिनाभर त्याने दुसरं काम घेतलं नाही. घडलेलं विमान बोटाच्या दोन पेरांएवढं होतं. खांब मोहरीच्या देठाएवढे, तारा केसासारख्या आणि पुढचा पंखा फुंकर मारली की खरोखर फिरत होता. सुलू पाहतच राहिली. पंतांनी मात्र कपाळाला हात लावला. "वरचा मजला काढून टाक, कुंडलिक! मुंबईची माणसं हसतील."

"मजला निघणार न्हाई," कुंडलिक म्हणाला. "न्यायचं तर पुरं न्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

सुलूने ते पुरं नेलं आणि लग्नात शालूच्या खांद्यावर लावलं.

मंगलाष्टकं चालू होती. विमानाचं पातं भटजींच्या सुरात भिरभिरत होतं. शेवटचं मंगलाष्टक आलं तेव्हा पलीकडचं जरा पाहावं म्हणून सुलू किंचित पुढे झुकली. तेवढ्यात 'सावधान' झालं, वाजंत्री कडाडली आणि भटजींनी अंतरपाट उत्तरेला ओढला. अंतरपाटाची दशी विमानाच्या दोन पंखांमध्ये अडकली होती. विमान अंतरपाटाबरोबर निघालं, विमानाबरोबर शालू निघाला आणि शालू फाटू नये म्हणून सुलूही निघाली.

भटजींना वाटलं, अंतरपाटाचं दुसरं टोक धरलेला भटजी सोडत नाही. त्यांनी आणखी जोर लावला. सुलू आणखी दोन पावलं उत्तरेला गेली. दीनानाथ सभ्यपणे नजर खाली लावून हार धरून उभा होता. कुणीतरी ओरडलं, "घाला, घाला!" त्याने हार घातला. तो सुलूच्या मागे उभ्या असलेल्या मामांच्या गळ्यात पडला. मांडवाने अक्षता टाकल्या.

"हा काय प्रकार आहे?" विहीणबाई कडाडल्या. "आधी ते यंत्र तिच्या अंगावरून काढा! आडकित्ता आणा, पंखच कापते."

"मी म्हणत होतो, एकमजली कर!" पंत रडकुंडीला आले.

पाहुण्यांतून वाट काढत कुंडलिक बोहल्यावर चढला. "आडकित्ता लांब ठेवा, बाईसाहेब. पंख कापलेलं इमान काय कामाचं?" त्याने कोटाच्या खिशातून चिमटा काढला आणि गुडघे टेकून एकेक धागा सोडवू लागला. वाजंत्री थांबली. सगळा मांडव श्वास रोखून पाहत होता. एकही तार वाकू न देता त्याने शेवटचा धागा ओढला.

तोवर दीनानाथ खाली वाकला होता. त्याचा चेहरा सुलूच्या खांद्यापासून वीतभरावर होता आणि विहीणबाईंच्या खाकरण्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"अरे, हे तर आमचंच!" तो ओरडला. "दोन्ही पंख, तारा, दोन बैठका! मी रोज हात लावतो ते अस्संच आहे. कुणी सांगितलं तुम्हाला?"

कुंडलिकने मांडवाच्या कडेला बोट दाखवलं. ठकूबाई तिथे पंगतीची पानं पुसत होत्या.

दीनानाथ तसाच मुंडावळ्यांसकट तिकडे गेला आणि वाकून त्यांच्या पाया पडला. ठकूबाई लाजून म्हणाल्या, "आवं जावायबापू, आदी बायकूच्या गळ्यात हार तर घाला." मामांच्या गळ्यातला हार उतरवला गेला आणि लग्न एकदाचं लागलं. पंतांनी पहिल्या पंगतीला कुंडलिक आणि ठकूबाईंना स्वतः वाढलं. लाडू वाढताना ते खाली मान घालून म्हणाले, "मी चित्रावर विश्वास ठेवला हो." ठकूबाई म्हणाल्या, "आसूं द्या. लाडू झ्याक झाल्यात."

दिवाळीनंतर दीनानाथने कुंडलिकला खरं विमान बघायला जुहूला बोलावलं. कुंडलिक चष्मा लावून विमानाभोवती तीनदा फिरला. पंखावर टिचकी मारली आणि दचकला.

"कापड?"

"हो, वरून रोगण."

"आन आत?"

"लाकूड."

कुंडलिकने एक तार चिमटीत धरून नखाने तपासली, एका जोडावर बराच वेळ बोट फिरवलं आणि नापसंतीने मान हलवली.

"काका, चला, एक फेरी मारून आणायला सांगतो," दीनानाथ उत्साहाने म्हणाला. "सुलू दोनदा जाऊन आली."

कुंडलिकने चष्मा काढून पुसला, पुन्हा एकदा विमानाकडे मायेने पाहिलं आणि म्हणाला, "नको, जावईबापू. मी घडवलेलं असतं तर बसलो असतो."