जीभ बघणारे सबनीस

आमच्या कारखान्यात कार्ड पंच करण्याआधी जीभ दाखवावी लागे. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. तो टाइमकीपर सबनिसांचा होता. पनवेलबाहेरच्या त्या गेटवर सकाळी सात वाजता ते हातात छोटी बॅटरी घेऊन येरझाऱ्या घालत. त्यांना खुर्ची दिलेली होती. तिच्यावर त्यांचा डबा बसे.

"कसा आहेस?"

"बरा आहे."

"'बरा आहे' हे उत्तर नव्हे. जीभ!"

पांढरी दिसली तर लिंबूपाणी, पिवळी दिसली तर थेट घरी. मला त्यांनी दोनदा परत पाठवलं. दुसऱ्यांदा खरोखर कावीळ निघाली. पहिल्यांदा मी जिलेबी खाल्ली होती.

रांग पार रस्त्यापर्यंत जाई. शेवटी मॅनेजरांनी नोटीस लावली : दर बुधवारी डॉक्टर येऊन कामगारांना तपासतील, गेटवर कोणी कोणाला अडवू नये. डॉक्टर चांगले होते. सबनिसांनी नोटीस वाचली, बॅटरी खिशात टाकली आणि मग त्यांचा पाय एका जागी ठरेना. गेटपासून भट्टीपर्यंत, भट्टीपासून गेटपर्यंत. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत, कोणालाही काही न विचारता. डबा न उघडताच घरी परत जाऊ लागला. पंधरा दिवसांत त्यांचा पट्टा दोन भोकं आत गेला.

एका सकाळी रांगेत माझ्यापुढे भट्टीवरचा कामगार घरत होता, जवळच्या कोन गावचा. कार्ड हातात धरून तो सबनिसांसमोर थांबला.

"साहेब, कसे हाव?"

"बरा आहे. पुढे हो."

"'बरा आहे' हे उत्तर नाय. जीभ काढा."

"घरत, नोटीस वाचलीस ना?"

"वाचली. ती कामगारांची हाय. तुमी स्टाफ."

रांग हसली. सबनीस हसले नाहीत.

"आमची ही पण रोज 'बरी आहे' म्हणायची," ते म्हणाले. "मी ऐकून घेत गेलो."

खांदा कॉलनीत ते एकटे राहतात, एवढंच आम्हाला माहीत होतं.

घरतने त्यांच्या खिशातली बॅटरी काढून लावली. सबनिसांनी शाळेतल्या पोरासारखी जीभ बाहेर काढली.

"पांढरीफट हाय. आज माझ्या डब्यातली भाकरी खायची. माझ्यासमोर बसून."

त्याने बॅटरी विझवली, कार्ड पंच केलं. सबनिसांनी जीभ आत घेतली नव्हती.