नवशिकीची दोन अंडी

घड्याळजींच्या राणीने शनिवारी सकाळी दोन अंडी घातली आणि ती बघताच घड्याळजींना सगळ्यात आधी आठवला तो साडू. अशा वेळी माणसाने देवाची आठवण काढावी, गेला बाजार बायकोची तरी. पण पोटात जे दुखत असतं तेच आधी आठवतं, त्याला घड्याळजींचा इलाज नव्हता.

राणी म्हणजे लेपर्ड गेको. पिवळ्या अंगावर बिबट्यासारखे ठिपके, गुबगुबीत शेपटी आणि चेहऱ्यावर कायम दुसऱ्याची फजिती बघितल्यासारखं हसू. दोन वर्षांपूर्वी घड्याळजींनी ती हौसेने आणली तेव्हा घरात सगळ्यांनी तिला ‘पाल’ म्हणून निकालात काढलं. बायकोने नाक मुरडलं. सासूबाई तर खुर्चीवर पाय घेऊन बसल्या आणि तशाच बसून जेवल्या. फक्त साडू, ज्यांचं चार गल्ल्या पलीकडे चष्म्याचं दुकान होतं, काचेच्या पेटीसमोर बराच वेळ वाकून उभे होते. महिन्याभरात त्यांनी चक्क जोडी आणली. वर्षभरात त्यांच्याकडे पाच पिल्लंही आली. राणीला नावं ठेवणाऱ्या सासूबाईंनी त्या पाचही पिल्लांची नावं ठेवली.

तेव्हापासून घड्याळजींच्या घरात एकच पाढा चालू होता. नळ गळला तर, "भाऊजींना विचारू का?" फ्रीजमधून आवाज आला तर, "भाऊजी असते तर कळलं असतं." आणि राणीच्या पेटीकडे बघून, "तुम्ही आधी आणलीत खरी, पण भाऊजी बघा कुठल्या कुठे गेले."

घड्याळजी तेवीस वर्षं आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवत होते. पाच पिल्लं काढायला जी चिकाटी लागते ती साडूकडे असेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्या साडूला स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाची तारीख बदलता येत नव्हती. म्हणून त्यांनी ठरवलं, आपणही पिल्लं काढायची, आणि निघेपर्यंत कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. जमलं तर बायकोच्या तोंडून एकदा तरी ‘भाऊजी’ऐवजी ‘आमचे हे’ ऐकायचं. नाही जमलं, तर निदान तुलना तरी टळेल.

पाळीव प्राण्यांच्या दुकानातून पंधरा दिवसांसाठी एक नर आणला तेव्हा बायकोने विचारलं होतं, "दोन झाल्या?"

"पाहुणा आहे," घड्याळजी म्हणाले होते, आणि ते खोटं नव्हतं.

आता अंडी हातात होती. घर दुकानाच्या मागेच असल्याने थर्माकोलची पेटी कामाच्या टेबलाखाली सहज लपली. पण पुढे काय करायचं ते कुणाला तरी विचारणं भाग होतं. फोनवर अशा हौशी लोकांचा एक गट होता, ‘पालपालक मंडळ’. अडचण एवढीच की त्या मंडळाचे प्रमुख साडूच होते. घड्याळजींनी खोट्या नावाने आत शिरायचं ठरवलं. नावाच्या जागी ते ‘नवशिका’ लिहायला गेले. पण छोट्या स्प्रिंगांना सरावलेलं त्यांचं बोट छोट्या अक्षरांवर घसरलं आणि कान्याच्या जागी वेलांटी पडली. घाईत त्यांनी ते वाचलंही नाही. ‘दोन अंडी मिळाली आहेत, पुढे काय करावं?’ असं विचारून मोकळे झाले.

दोन मिनिटांत साडूंचं उत्तर आलं. ‘नमस्कार मॅडम! अभिनंदन! अंडी उलटू देऊ नका. वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा.’

‘मॅडम’ वाचून घड्याळजींनी वर बघितलं. तिथे ठळक अक्षरांत ‘नवशिकी’ बसलेली होती. सुधारावं असं क्षणभर वाटलं. मग वाटलं, असू दे, याहून चांगला बुरखा कुठे मिळणार? साडूचा बापसुद्धा ओळखणार नाही. त्यांनी लिहिलं, ‘आभारी आहे. आत्ताच खूण करते.’

तो ‘करते’ लिहिताना बोट जरा अडखळलं. आठवड्याभरात अडखळायचं थांबलं.

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी घड्याळजी पेटीचं झाकण काढायचे, भिंगातून पेन्सिलीचे ठिपके तपासायचे, पारा अठ्ठावीसवर आहे ना बघायचे, अंड्यांखालच्या ओलसर चुऱ्याला चिमट्याने हलकेच चाचपायचे आणि साडूंना सगळं कळवायचे. साडूंची उत्तरं मोठी गोड असत. ‘वा मॅडम! पाणी नक्की किती घातलंत? जरा सविस्तर लिहा, इतरांनाही उपयोग होईल.’ किंवा, ‘तापमान असं स्थिर कसं ठेवता? पेटीचा आतून फोटो टाकाल का?’ एकदा तर लिहिलं, ‘इतक्या निगुतीने काम करणारं माणूस मी आजवर पाहिलं नाही.’

ही ओळ घड्याळजींनी सहा वेळा वाचली. अख्ख्या आयुष्यात त्यांच्या कामाला कुणी निगुतीचं म्हटलं नव्हतं. गिऱ्हाईक फार तर ‘झालं का?’ म्हणायचं. आणि आता कौतुक झालं ते कुणाचं, तर एका वेलांटीचं! ती ओळ कापून भिंतीवर लावावी म्हटलं तरी लावता येत नव्हती. साडूबद्दल जळफळाट होताच, त्यात आता या नवशिकीची भर पडली. दुपारी घड्याळ उघडून बसले की त्यांच्या मनात यायचं, ‘बाईला बरं सगळं आयतं मिळतंय.’

सेहेचाळिसाव्या दिवशी घरी पुन्हा भाऊजींवरून वाजलं. विषय पंख्याचा होता. घड्याळजी तणतणत दुकानात आले आणि त्या तिरमिरीत नवशिकीने लिहून टाकलं, ‘एवढं करते, पण घरी कुणाला माझी किंमत नाही.’

साडूंचं उत्तर गटात न येता खासगीत आलं, ‘मॅडम, कुणाला सांगू नका, माझ्याही घरी तेच आहे.’

हे उत्तर नेमकं साडूंच्या खांद्यावरून वाचलं गेलं. दुसऱ्या दिवशी थोरली मेव्हणी लाल डोळ्यांनी धाकट्या बहिणीकडे येऊन बसली. घर आणि दुकान यांच्यामधल्या पडद्याच्या या बाजूला घड्याळजी एका घड्याळाचं झाकण उघडत होते.

"अगं, उठल्या उठल्या फोन, जेवताना फोन. गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं वाचून वाचून दमतं, आणि हे फोनकडे बघून हसतात."

"पण आहे कोण ती, ताई?"

"नवशिकी म्हणे! आणि लिहिते काय, तर ‘टॉर्च लावून बघितलं, आत गुलाबी शिरा दिसल्या, फार आनंद झाला.’ हे काय बोलणं झालं?"

घड्याळजींच्या हातातून घड्याळाचा काटा निसटला आणि टेबलाखाली गेला. तो शोधायच्या निमित्ताने ते बराच वेळ खालीच राहिले.

"तू रडू नकोस," बायको म्हणाली. "आमच्या यांना कामाला लावते. दिवसभर दुकानात बसून असतात, बसल्या बसल्या शोधतील."

चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या आल्या. तीन दिवस घड्याळजींनी स्वतःचा कसून शोध घेतला आणि चौथ्या दिवशी बायकोला सांगितलं, "तसं काही नाही. बाई साधी आहे, अबोल, कामात चोख."

"अबोल आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"म्हणजे... लिहिण्यावरून वाटतं."

"आणि कामात चोख? बघितलंत वाटतं तुम्ही तिचं काम?"

घड्याळजी घाईघाईने समोरच्या घड्याळाला किल्ली द्यायला लागले. पण व्हायचं ते झालं होतं. बायकोच्याही मनात शंकेची पाल चुकचुकली. आजवर घरात हीच एक पाल तेवढी यायची राहिली होती. "भाऊजींना तरी ती अंड्यांचं विचारते," बायको म्हणाली. "तुम्हाला काय विचारते?"

तेव्हा बायकोने आणि मेव्हणीने मिळून रविवारी सकाळी साडूंना बोलावलं. दुकान बंद होतं. चौघे घड्याळांच्या टिकटिकीत बसले. घड्याळजींना तशी काळजी नव्हती. फोनचा आवाज त्यांनी बंद केला होता आणि गप्प बसायचं ठरवलं होतं.

"मी त्या बाईंना आयुष्यात पाहिलेलं नाही!" साडू कळवळून म्हणाले.

"मग ‘तुमचे हात किती स्थिर असतील’ हे न बघताच लिहिलंत?" मेव्हणीने विचारलं.

घड्याळजींनी आपले हात हळूच टेबलाखाली घेतले. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, पण आतून बरंही वाटत होतं.

"अगं, अंडी जगवणं सोपं नसतं. त्या बाईंची निष्ठा..."

"कसली निष्ठा!" बायको उसळली. "दिवसभर दुसऱ्यांच्या नवऱ्यांशी फोनवर बोलणारी बाई! तिचं लक्ष तरी असेल का अंड्यांकडे? उलटीपालटी करून ठेवली असतील मेलीने!"

बाकी सगळं घड्याळजींनी गिळलं असतं.

"उलटीपालटी?" ते उभे राहिले. "एकावन्न दिवसांत केसभर हलू दिली नाहीत! सकाळी आल्या आल्या आधी खूण बघते, मग पारा बघते, मगच दुकानाचं शटर वर करते!"

सगळी घड्याळं टिकटिकत राहिली. बायको नवऱ्याकडे बघत होती, मेव्हणी बहिणीकडे, आणि साडू घड्याळजींच्या हातांकडे.

"मॅडम?" साडू म्हणाले.

घड्याळजींनी खाली वाकून पेटी टेबलावर ठेवली. साडूंनी फोटोत रोज बघितलेली अंडी लगेच ओळखली. खुलासा व्हायला पाच मिनिटं लागली, आणि झाल्यावर मेव्हणी हसायलाच लागली. सगळं तिथे मिटलंही असतं. पण बायकोने नवऱ्याचा फोन काढून घेतला आणि सेहेचाळिसाव्या दिवसापर्यंत वाचत गेली.

"‘घरी कुणाला किंमत नाही’? एकावन्न दिवस अंड्यांना रोज विचारता, गरम होतंय का, गार वाटतंय का. मला एकदा तरी विचारलंत?"

तिचा आवाज भरून आला होता. मग मेव्हणीलाही ‘माझ्याही घरी तेच आहे’ ही ओळ आठवली. दोघी बहिणी आत गेल्या आणि दार लागलं.

साडू साडू समोरासमोर उरले. मग घड्याळजींचं लक्ष डाव्या अंड्याकडे गेलं. त्यावर बारीक घाम आला होता आणि कवचाला एक चीर पडली होती. दोघांनी एकदमच वाकून बघितलं तेव्हा टाळक्याला टाळकं आपटलं, पण कुणी डोकं मागे घेतलं नाही. चिरेतून नखाएवढं नाक बाहेर आलं, थांबलं, दमलं, पुन्हा सरकलं. मग डोकं. मग काळे-पिवळे पट्टे.

"अहो, या! लवकर या!" घड्याळजी ओरडले. आतून कुणी आलं नाही. त्यांनी वळून बघितलं तर साडूंनी चष्मा काढला होता आणि ते डोळे पुसत होते.

"घड्याळजी, मी हे पहिल्यांदाच बघतोय."

"पहिल्यांदा? मग तुमची पाच?"

"विकत आणली होती," साडू हळूच म्हणाले. "माझी सगळी अंडी सडली. दोनदा. तुमच्याकडे आधी आलेली, सगळे तुमच्या राणीबद्दल बोलायचे. वाईट बोलायचे, पण बोलायचे तुमच्याचबद्दल! मला ते बघवेना. मंडळात मला उत्तरं येतात कुठली, मी पुस्तकातून देतो. मॅडम लिहायच्या ते मी वहीत उतरवून घ्यायचो."

घड्याळजी थक्क झाले. ज्या माणसावर ते दोन वर्षं जळत होते तो बिचारा दोन वर्षं त्यांच्यावर जळत होता. साडूबद्दल त्यांना एकाएकी माया वाटली. वर आणखीही काहीतरी वाटलं, आणि ते जास्त गोड होतं. आता फक्त हे बायकोसमोर व्हायला हवं होतं.

"घरात सांगाल?" त्यांनी विचारलं.

साडूंनी चष्मा घातला. "सांगतो. पुरे झालं आता. हे कष्ट तुमचे आहेत."

दार उघडलं. दोघी बहिणी राग धरूनच बाहेर आल्या, पण पेटीत बघितलं आणि राग कुठल्या कुठे गेला. पिल्लू अख्खं बाहेर आलं होतं आणि आपल्या आईसारखंच कुणाच्या तरी फजितीवर हसत होतं.

"अगंबाई!" बायको म्हणाली. "केवढंसं आहे! आणि किती देखणं!"

साडू उठून उभे राहिले. "ऐका. मला एक खरं सांगायचंय. यात माझं काही नाही. माझ्याकडे आजवर एकही अंडं फुटलेलं नाही. ती पाच पिल्लं मी विकत आणली होती. हे सगळं यांनी केलंय, यांच्या हातांनी. मीच यांच्याकडून शिकलो."

घड्याळजींनी श्वास रोखला. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते आता एका वाक्यावर आलं होतं. बायको भाऊजींकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. मग ती नवऱ्याकडे वळली.

"बघितलंत? याला म्हणतात मोठं मन! तुम्हाला बरं वाटावं म्हणून स्वतःच्या पाच पिल्लांवर पाणी सोडलं त्यांनी! शिका जरा काहीतरी."

"अहो, नाही, खरंच विकत..." साडू हात जोडून म्हणाले.

"पुरे हो भाऊजी," बायको म्हणाली, "आणखी लाजवू नका आम्हाला." मेव्हणीने पदराने डोळे टिपले आणि बऱ्याच दिवसांनी नवऱ्याकडे अभिमानाने बघितलं.

साडूंनी घड्याळजींकडे बघून हताशपणे दोन्ही हात पसरले. घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं आणि दुसऱ्या अंड्यावर वाकले. मागे बायकोचा फोन लागला होता.

"आई, ऐक ना, पिल्लू झालं! हो, आमच्याकडे! ...छे गं, यांना कसलं जमतंय. भाऊजी होते म्हणून!"