दामूमामांचा डावा अंगठा

दामूमामा माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघत. आधी पाय. दारात कुणी आलं की त्यांची नजर उंबऱ्याशीच थांबायची, तिथून सावकाश घोट्यापर्यंत चढायची आणि बऱ्याच वेळानं तोंडाशी पोचायची. मग मामा म्हणत, "अरे, तू व्हय."

त्यांच्या सुनीताला वडखळचं स्थळ आलं तेव्हा मुलगा बूटमोजे घालून आला होता. पोहे झाले, चहा झाला, नोकरीची चौकशी झाली. शेवटी मामा म्हणाले, "पावणे, जरा मोजे काढा." मुलाकडचे एकमेकांकडे बघायला लागले. मुलानं बिचाऱ्यानं काढले. मामांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि आत जाऊन मामीला सांगितलं, "द्यायला हरकत नाय गो. नखं झकास हायेत."

त्याच सुमारास शेजारच्या तात्यांच्या मयतालाही ते पायांशीच उभे होते. सगळे रडत होते. मामा हळूच माझ्या कानाशी म्हणाले, "माणूस कसा होता ते जाऊ दे. पाय मात्र राजाचे." आणि निवडणुकीत हायवेवर पुढाऱ्यांचे फलक लागले की ते वैतागायचे. "सगळे छातीपर्यंतच. ज्याचे पाय दिसत नाय त्याला मत कसं द्यायचं?"

याला कारण त्यांचा धंदा. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात त्यांचा सगळा जन्म गेला. तिथं कामं वाटलेली असतात. कुणी मूर्ती घासतो, कुणी अंगाचा रंग मारतो, आणि डोळे आखणाऱ्याला सगळ्यात मोठा मान. मामांकडे नखं. हातांची आणि पायांची. बारीक ब्रश घेऊन ते एकेका बोटावर अर्धगोल काढत बसत. डोळेवाल्याचं कौतुक झालं की म्हणत, "डोळे लांबून बघायचे. डोकं कुठं टेकतात? पायावर. तिथं गेल्यावर नाकासमोर काय येतं? माजं काम."

मी त्यांचा भाचा. राहतो रोह्याला, धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. मामांच्या आयुष्यात माझं येणं-जाणं फारसं नव्हतं. ते सुरू झालं मामांच्या साखरेमुळे.

साखर त्यांना बरीच वर्षं होती. गोळ्या घेत, पण प्रसादाची साखर वेगळी असते असं त्यांचं ठाम मत होतं. एकदा पायाला मुंग्या येतात म्हणाले, म्हणून सुनीतानं मला फोन केला आणि मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितले. "या नायलॉनच्या दोऱ्यानं पायाला टोचते. लागलं की सांगा." मामा डोळे मिटून बसले. बाईंनी दोन्ही तळव्यांना, अंगठ्यांना, टाचांना दोरा लावून पाहिला. बराच वेळ गेला. मामा म्हणाले, "बाई, सुरू कधी करताय?"

मला हसू आलं. बाई हसल्या नाहीत.

मग त्यांनी मला समोर बसवून सगळं सांगितलं. पाय रोज बघायचे, तळव्यासकट. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या. अनवाणी चालायचं नाही. कढत पाण्यात पाय बुडवायचे नाहीत, कारण पोळलेलं कळणार नाही. आणि नखं यांनी स्वतः कापायची नाहीत, यांना वाकता येत नाही आणि न वाकता तिथलं बारीक दिसत नाही. दुसऱ्यानं कापायची, सरळ. कोपरे आत शिरून कापायचे नाहीत. मामी जाऊन अकरा वर्षं झाली होती. सुनीताला लहान मुलं. मी म्हणालो, "मी येईन दर रविवारी."

मामांनी घरी लगेच चप्पल घातली. कारखान्यात अडचण होती, बाप्पांसमोर चप्पल कशी घालायची? त्यांनीच तोड काढली. डोळे आखलेले नसतात त्या मूर्तींकडे चप्पल घालून जायचं. "तेंला अजून दिसत नाय." डोळे झालेल्या मूर्तींच्या रांगेत शिरताना मात्र ते चप्पल दाराशी काढत. मग मी जाड मोजे आणून दिले. त्याला बाप्पांची हरकत नव्हती.

रविवारी मी रोह्याहून गाडीनं पेणला यायचो. मामा ओट्यावर बसलेले असायचे. शेजारी टॉवेल, वाटीत पाणी, नेलकटर. मी पायरीवर बसून त्यांचा पाय मांडीवर घ्यायचो. पहिल्या रविवारी त्यांना फार संकोच वाटला. "मामाभाच्यानं एका होडीत बसू नये म्हणतात. ओट्याचं काय सांगितलेलं नाय, बस." मग गप्पा व्हायच्या. रस्त्यानं जाणाऱ्यांच्या पायांवर शेरे व्हायचे. मी तळवा बघायचो, बेचक्या पुसायचो, नखं सरळ कापायचो.

ती सरळ नखं त्यांना अजिबात बघवत नव्हती. त्यांना लांबून एवढंच दिसायचं की टोक आडवं आहे. तेवढं पुरेसं होतं.

"दिन्या, हे काय नख हाय? फावडं हाय."

"डॉक्टरांनी असंच सांगितलंय, मामा."

"त्या बाईनं जन्मात किती नखं काढली? मी लाखानं काढली. बाप्पाला असं नख काढलं तर लोक मूर्ती परत आणतील."

आषाढात कारखान्यात घाई सुरू झाली. तशातल्या एका रविवारी मला दुपारच्या शिफ्टला पोचायचं होतं. मामांनी पाय मागे ओढला. गोल काप, नायतर कापू नको. मी घड्याळ पाहिलं आणि गोल कापलं.

मामांनी पाय लांब धरून पाहिला. "आता कसं. हात हाय तुजा."

इथं मला खरं लिहायला हवं. गाडीची घाई होती हे त्या रविवारचं कारण. त्याच्या पुढच्या रविवारी घाई नव्हती. पंचवीस वर्षं मी कंपनीत वॉल्व्ह उघडतोय आणि बंद करतोय. 'तुझा हात आहे' असं मला कधी कुणी म्हटलेलं नव्हतं. त्या पुढच्या रविवारी मी स्वतःहून गोल कापलं, कोपऱ्यात शिरून, मामा मूर्तीवर काढतात तसं. डाव्या अंगठ्याच्या कोपऱ्यातून रक्ताचा थेंब आला. मामांना कळलं नाही. ते समोरच्या कोळणीच्या टाचांबद्दल काहीतरी सांगत होते. मी थेंब कापसानं पुसला आणि बोललो नाही.

पुढचे दोन रविवार मी गेलो नाही. एकदा डबल ड्युटी लागली, एकदा नुसता कंटाळा आला. फोन केला. "पाय बघितलेत का?" मामा म्हणाले, "बघितले की. झकास हायेत." त्यांना स्वतःचे पाय दिसत नाहीत हे मला माहीत होतं. तरी मला बरं वाटलं.

तिसऱ्या रविवारी मोजा काढला आणि वास आला. अंगठा फुगून काळानिळा झाला होता. मामा मलाच विचारत होते, "काय झालं रे? तोंड का पाडलंस?"

मोठ्या दवाखान्यात सुनीता धावत आली. तिथल्या डॉक्टरांनी अंगठा बघितला आणि विचारलं, "हे नख कुणी कापलं?"

मी फाइल धरून पलंगाशी उभा होतो. तोंड उघडेपर्यंत मामा बोलले. "मीच. ब्लेडनं, चाचपत."

डॉक्टर त्यांना खूप बोलले. मग सुनीता बोलली. "बाबा, दादा एवढा रोह्याहून येतो तुमच्यासाठी, आणि तुम्ही ब्लेड लावता? लाज नाय वाटत?" मामा शाळेत मार खाणाऱ्या मुलासारखे मान खाली घालून ऐकत राहिले. मी फाइलची पानं उलटत राहिलो. सुनीतानं वळून मलाच म्हटलं, "तू तरी किती करणार रे, दादा." तेही मी ऐकून घेतलं.

अंगठा काढला. पाय वाचला, हे आमचं नशीब.

जखम भरायला दिवाळी उलटली. मामांना आता मऊ तळाचे बंद बूट दिलेत. मी एकही रविवार चुकवत नाही. परवाच्या रविवारी पाय मांडीवर घेतला आणि इतके महिने गिळलेलं एकदाचं विचारलं, "मामा, तुम्ही खोटं का बोललात? मी आज सुनीताला फोन करून सांगतो."

"कशाला?"

"माझी चूक होती."

"ती मला काय म्हायत नाय? गोल काप म्हणून मीच बोललो ना?" मग ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "सुनी तवाच बोलत होती, पैसे देऊन नर्स ठेवूया, ती घरी येऊन पाय बघंल, नखं कापंल. मी बोललो, दिन्या कापतो चांगली. तू कापलंस म्हणून सांगितलं असतं तर तिनं तुला हात लावू दिला असता?"

"नसता दिला. बरंच झालं असतं. नर्सनं नीट केलं असतं."

"केलं असतं," मामा म्हणाले. "मग तू कशाला आला असतास?"

येतच राहिलो असतो, असं मला म्हणायचं होतं. पण मामी गेल्यानंतरच्या अकरा वर्षांत मी वर्षातून एकदा, मूर्ती न्यायला तेवढा पेणला येत होतो. ती घेऊन ओट्यावर न टेकता परत जात होतो. हे मला ठाऊक होतं, आणि मामांनाही.

मी नेलकटर उचललं. मामांनी दुसरा पायही उचलून माझ्या मांडीवर ठेवला.